बार्सिलोना: दोन दरबारांतला एक अल्बम

१९८८ च्या ऑक्टोबर महिन्यात पॉलिडोर या कंपनीने ब्रिटनमध्ये ‘बार्सिलोना’ या नावाचा आठ रचनांचा अल्बम प्रकाशित केला. त्यावर दोन नावे शेजारी शेजारी छापलेली होती. एक नाव ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक आणि गीतकार फ्रेडी मर्क्युरी याचे होते आणि दुसरे, ऑपेराच्या जगात तोवर वीस वर्षांहून अधिक काळ अग्रस्थानी असलेल्या स्पॅनिश गायिका मोन्सेरात काबाये यांचे होते. क्वीनपासून वेगळे होऊन मर्क्युरीने केलेला हा दुसरा एकल अल्बम आणि त्याच्या हयातीतला अखेरचाही. त्याला मिळालेला प्रतिसाद पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते: रॉकच्या परीक्षकांनी तो रॉकच्या कसोटीवर घासून पाहिला, ऑपेराच्या जाणकारांनी, ज्यांनी त्याची दखल घेतली त्यांनी, ऑपेराच्या, आणि दोन्ही कसोट्यांवर तो कमअस्सल ठरला. पुढे या अल्बमला जी प्रतिष्ठा मिळाली, ती या दोन्ही दरबारांबाहेर मिळाली आणि ती मिळेपर्यंत मर्क्युरी हयात राहिला नव्हता.

महाराष्ट्रात मर्क्युरीचे नाव निघाले की पाचगणीचा उल्लेख ओघानेच येतो. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे गुजरातेतील वलसाडचे, आडनावही त्यावरूनच आलेले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले आणि त्याचे शालेय शिक्षण बव्हंशी तिथेच झाले. मुलाला संगीताचा कान आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आले, त्यांनी पालकांना तसे कळवले आणि त्याचे पियानोचे रीतसर शिक्षण सुरू झाले, ते चौथ्या श्रेणीच्या परीक्षेपर्यंत गेले. याच शाळेत चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो अशा तत्कालीन लोकप्रिय गायकांची गाणी शाळेच्या समारंभांत वाजवली. त्या मित्रांपैकी फरांग इराणी यांनी पुढे पुण्यात उपाहारगृह चालवले आणि शाळासोबत्याच्या आठवणी विचारायला येणाऱ्या बातमीदारांना त्यांनी वर्षानुवर्षे तोंड दिले. १९६३ मध्ये मर्क्युरी झांझिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती होऊन कुटुंबाला देश सोडावा लागला आणि बलसारा मंडळी लंडनजवळच्या फेल्टममध्ये स्थायिक झाली. पाचगणीला या विद्यार्थ्याचा वाटणारा अभिमान रास्त आहे, पण त्यातून त्याच्या संगीताची उकल फारशी होत नाही. शाळेतून त्याने नेली ती पियानोवर बसलेली बोटे आणि चार मुलांसमोर उभे राहण्याची धिटाई; बाकीचे त्याने लंडनमध्ये कमावले.

क्वीनची स्थापना १९७० सालची. गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि थोडे नंतर आलेले बास गिटारवादक जॉन डीकन यांच्यासह मर्क्युरीने जे संगीत उभे केले, त्यात नाट्यमयता आणि डामडौल यांना मोठे स्थान होते. १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या अल्बममधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ही जवळपास सहा मिनिटांची रचना ब्रिटनच्या खपाच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तिच्या मधल्या भागात तीनच कंठांचे ध्वनिमुद्रण एकावर एक असंख्य थर देऊन ऑपेराच्या समूहगानाचा भास निर्माण केला होता. श्रोत्यांनी हे डोक्यावर घेतले. समीक्षकांचे मात्र क्वीनशी कधी फारसे जमले नाही. १९७६-७७ नंतर ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांवर पंक चळवळीचा पगडा बसला. पंकचा आग्रह तीन कॉर्डचे साधे गाणे, रस्त्यावरचा राग आणि अलंकाराचा तिटकारा यांवर होता. अशा वेळी रेशमी पोशाखात बॅले नृत्याची मुद्रा घेऊन उभा राहणारा गायक हा टिंगलीचा विषय होणे ओघानेच आले. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १९७७ मध्ये मर्क्युरीच्या मुलाखतीला मथळाच असा दिला, की त्यात तो मूर्ख आहे काय असा थेट सवाल होता. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’मध्ये डेव्ह मार्श यांनी १९७९ मध्ये क्वीनला फॅसिस्ट म्हणण्यापर्यंत मजल मारली. १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केल्यामुळे बँडवर टीकेची झोड उठली, आणि ती टीका सांगीतिक नसून नैतिक असल्याने तिला उत्तरही नव्हते. मर्क्युरीच्या दुसऱ्या अल्बमचे परीक्षण लिहायला बसलेल्यांच्या मनात हा सगळा पूर्वेतिहास होता.

पहिला एकल अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ २९ एप्रिल १९८५ रोजी सीबीएस कंपनीने काढला होता. त्यावर म्युनिकच्या नृत्यगृहांतील संगीताची छाप होती. ब्रिटनच्या यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, पण कंपनीने ज्या हिशेबाने पैसे ओतले होते त्या मानाने त्याचा खप बेताचाच राहिला. अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या वेंब्ली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमात क्वीनने वीसेक मिनिटांत मैदान मारले आणि मर्क्युरीचा एकल प्रवास त्या यशाखाली झाकला गेला. त्याने पुढेही नृत्यसंगीताचीच वाट धरली असती तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. त्याने धरलेली वाट मात्र कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

ती समजून घेण्यासाठी ऑपेरा या प्रकाराकडे थोडे वळावे लागते. ऑपेरा म्हणजे बहुधा आरंभापासून शेवटपर्यंत गाऊन सादर होणारे, पूर्ण वाद्यवृंदाची साथ असलेले नाटक, एवढे सांगितले की मराठी वाचकाला संगीत नाटक आठवते आणि ते साम्य काही अंशी खरेही आहे. परंतु ऑपेराचा खरा कणा आवाजाच्या तालमीत आहे. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपक वापरत नाही. साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे, दोन-अडीच हजार श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत त्याला आपला आवाज केवळ शरीराच्या बळावर पोहोचवावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस-पुसद पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत डफाच्या तालावर म्हटल्या जाणाऱ्या लेंगी ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना मोकळ्यावर आवाज फेकणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तिथला आवाज कमावण्याची शाळा नसते आणि ऑपेरात ती दहा-दहा वर्षे चालते, हा फरक मोठा. पण आवाज श्रोत्याकडे गेला पाहिजे, यंत्राने तो ओढून न्यायचा नाही, ही अट दोन्हीकडे एकच. रॉकचा गायक याच्या उलट टोकाला उभा असतो. त्याचे सारे गाणे मायक्रोफोनवर बेतलेले असते. श्वासाची सळसळ, कुजबुज, आवाज मुद्दाम फाटू देणे, या गोष्टी मायक्रोफोन आहे म्हणूनच शक्य होतात. ही दोन गाणी एका ध्वनिफितीवर शेजारी ठेवायची म्हणजे आधी दोन शरीरशास्त्रे एकत्र आणायची, आणि चालींचा विचार त्यानंतर.

काबाये या सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका. त्यांचा जन्म १२ एप्रिल १९३३ रोजी बार्सिलोनात, सामान्य परिस्थितीतल्या घरात झाला आणि शिक्षण तिथल्याच लिसेऊ संगीतविद्यालयात. २० एप्रिल १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरिलिन हॉर्न या गायिकेच्या जागी आयत्या वेळी उभ्या राहून त्यांनी दोनिझेत्तीच्या ‘लुक्रेझिया बोर्जा’तील भूमिका गायली आणि एका रात्रीत त्यांचे नाव झाले. इटालियन ऑपेरातील बेल कान्तो, म्हणजे सुरांच्या लांबलचक, अखंड आणि नक्षीदार मांडणीची शैली, हे त्यांचे खास क्षेत्र होते. त्यांची ख्याती मोठ्या आवाजापेक्षा बारीक आवाजाची होती. अत्यंत उंच स्वर अगदी हळू लावून तो लांबवत नेणे आणि तरीही तो नाट्यगृहाच्या टोकापर्यंत ऐकू जाणे, ही त्यांची किमया आजही दाखला म्हणून सांगितली जाते.

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी मर्क्युरी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये व्हेर्दीचा ‘उन बालो इन मास्केरा’ हा ऑपेरा पाहायला गेला तो लुचानो पाव्हारोत्ती यांच्यासाठी. त्याचा सहायक पीटर फ्रीस्टोन पूर्वी त्याच नाट्यगृहाच्या वेशभूषा विभागात कामाला होता, त्यामुळे ऑपेराची गोडी घरातच होती. काबाये रंगमंचावर आल्यानंतर मात्र पाव्हारोत्ती मागे पडले, असे फ्रीस्टोनने नंतर वारंवार सांगितले आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये क्वीनच्या दौऱ्यानिमित्त स्पेनमध्ये असताना मर्क्युरीने एका मुलाखतीत काबायेंना भेटण्याची इच्छा बोलून दाखवली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला १९९२ चे ऑलिंपिक सामने बार्सिलोनाला देण्यात आले. शहराचे भाग्य उघडले होते, शहराच्या लेकीच्या आवाजाला नव्या गाण्याची जागा होती, आणि रॉकचा एक तारा त्यासाठी आपणहून दारात आला होता. प्रत्यक्ष भेट मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात झाली. लाखाच्या जमावापुढे सहज वावरणारा हा गायक त्या दिवशी कमालीचा अस्वस्थ होता, असे बरोबर गेलेल्यांचे सांगणे आहे.

त्याने सोबत एक ध्वनिफीत नेली होती. ‘एक्सरसाइजेस इन फ्री लव्ह’ ही रचना त्याने संगीतकार माइक मोरान याच्यासह केली होती आणि ‘द ग्रेट प्रिटेंडर’ या जुन्या गीताच्या त्याच्या नव्या ध्वनिमुद्रणामागे, म्हणजे तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, ती प्रकाशित झाली होती. तिच्यात शब्द नाहीत. केवळ स्वराकार आहेत, आणि ते त्याने फॉल्सेटोमध्ये गायले आहेत. फॉल्सेटो म्हणजे पुरुषाने आपल्या नैसर्गिक पट्टीच्या वर जाऊन काढलेला पातळ, स्त्रीसदृश आवाज. थोडक्यात, ही काबायेंच्या गाण्याची नक्कल होती, आणि ती खुद्द काबायेंनाच ऐकवली जात होती. त्यांनी ती अपमान म्हणून घेतली नाही. काही दिवसांतच लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील आपल्या मैफलीत मोरानला पियानोवर बसवून त्यांनी ती स्वतः गायली. मैफलीनंतर त्या मर्क्युरीच्या केन्सिंग्टनमधील घरी जेवायला गेल्या आणि पियानोभोवतीचे गाणे पहाटेपर्यंत चालले. सुरुवातीचा बेत एकाच गाण्याचा होता. रॉकच्या अल्बममध्ये साधारण किती गाणी असतात, असे काबायेंनी विचारले आणि आकडा कळताच तेवढी करू म्हणून सांगितले, अशी हकिकत फ्रीस्टोनने दिली आहे. आपल्या शहरावर एक गाणे हवे, ही मागणीही त्यांचीच.

१९८७ पासून १९८८ च्या मध्यापर्यंत लंडन आणि स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओंत काम चालले. निर्मात्यांच्या जागी मर्क्युरी, मोरान आणि ध्वनिमुद्रक डेव्हिड रिचर्ड्स अशी तिघांची नावे आहेत. अडचण वेळापत्रकाची होती, कारण ऑपेराच्या गायिकेच्या तारखा दोन-तीन वर्षे आधी ठरलेल्या असतात. त्यामुळे मर्क्युरी आणि मोरान यांनी प्रत्येक गाण्याचा कच्चा खर्डा ध्वनिमुद्रित करायचा, त्यात काबायेंच्या ओळी मर्क्युरीने फॉल्सेटोत गाऊन दाखवायच्या, ती फीत त्यांच्याकडे पाठवायची आणि त्यांनी सवड काढून स्टुडिओत येऊन आपला भाग गायचा, अशी रीत पडली. रॉकच्या धंद्यात असा खर्डा नेहमीचाच. पण गायिकेची ओळ आधी पुरुषाने तिच्या आवाजात गाऊन ठेवायची आणि मग तिने त्या आवाजाच्या जागी आपला आवाज घालायचा, हा प्रकार बालगंधर्वांच्या महाराष्ट्रालाही थोडा गमतीचा वाटावा. चालींवर याचा परिणाम झाला. काबायेंच्या वाट्याच्या ओळी ऑपेराच्या रचनाकाराने लिहिल्या असत्या तशा नाहीत. त्यांच्या वळणांत मर्क्युरीचा श्वास आहे, आणि त्या मोठ्या आवाजाला अशा लहान, रॉकच्या मापाच्या ओळींत वावरताना ऐकणे हीच या अल्बमची खरी मौज आहे.

दुसरी तडजोड वाद्यांची होती. अखंड वाद्यवृंद स्टुडिओत बसवण्याऐवजी त्याचा बहुतेक भाग मोरानने सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या वाद्यांचे ध्वनी निर्माण करणाऱ्या कळफलकावर, वाजवला. काही ठिकाणी खरी वाद्ये आहेत, ‘हाऊ कॅन आय गो ऑन’मध्ये जॉन डीकनची बास गिटार आहे, पण व्हायोलिनांची फौज म्हणून जे ऐकू येते ते बव्हंशी यंत्रातले आहे. परीक्षकांच्या हाती सर्वांत धारदार शस्त्र यामुळेच आले.

शीर्षकगीतात पहिल्या भेटीची कथा आहे. ते इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत चालते आणि समूहस्वरांच्या एका प्रचंड लाटेने उघडून मधे अगदी शांत होते. मर्क्युरी आपला भाग छातीच्या आवाजात, सरळ, जवळजवळ संवादासारखा घेतो. काबाये त्याच्या वर कमान टाकतात. तो त्यांच्याशी बरोबरी करायला जात नाही, आणि हा संयम या गाण्याचा मोठा गुण आहे. ‘ला जापोनेझ’मध्ये जपानी भाषा आणि जपानी स्वररंग आहेत. ‘एन्सुएन्यो’ म्हणजे तीच पहिली शब्दविहीन रचना, आता काबायेंनी स्वतः स्पॅनिश शब्द घातलेली. अल्बममधली ही सर्वांत साधी आणि म्हणूनच कदाचित सर्वांत टिकाऊ रचना ठरते. ‘द फॉलन प्रीस्ट’ आणि ‘द गोल्डन बॉय’ यांचे शब्द टिम राइस यांचे आहेत, जे ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ आणि ‘एव्हिटा’ या संगीतिकांचे गीतकार म्हणून विख्यात होते. पहिलीत व्रत आणि वासना यांत सापडलेल्या धर्मगुरूचे नाट्य आहे. दुसरीत मधेच गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमधील टाळ्यांच्या ठेक्याचे समूहगान येते आणि ऑपेराची गायिका त्या गर्दीत न बिचकता उभी राहते. या दोन गाण्यांत शब्दांचा भार मात्र जास्त झाला आहे. कथा सांगण्याच्या भरात चाल मागे राहते. ओव्हर्चर म्हणजे ऑपेराचा पडदा उघडण्यापूर्वी वाजणारे वाद्यसंगीत, त्याला ‘ओव्हर्चर पिकांते’ या नावाने अल्बमच्या अगदी शेवटी बसवले आहे. हा खोडकरपणा ज्या परीक्षकांच्या लक्षात आला नसेल, त्यांनी हा अल्बम गंभीर ऑपेरा समजून ऐकला असणार.

हे काम चालू असतानाच, १९८७ च्या वसंतात, मर्क्युरीला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले, असे त्याचा जोडीदार जिम हटन याने पुढे लिहिले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते. जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे ही गोष्ट गेली नाही आणि जाहीर निवेदन तर मृत्यूच्या आदल्या दिवशी निघाले. १९८८ मध्ये परीक्षण लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

शीर्षकगीत स्वतंत्र तबकडी म्हणून, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत सिंगल म्हणून, ऑक्टोबर १९८७ मध्येच बाहेर पडले आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर पोहोचले. त्याआधी २९ मे रोजी इबिसा बेटावरच्या ‘कू क्लब’मध्ये दोघांनी ते लोकांसमोर आणले होते. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी, सोलच्या खेळांनंतर ऑलिंपिकचा ध्वज बार्सिलोनात आला, त्या निमित्ताने माँजुईक टेकडीच्या पायथ्याशी ‘ला नित’ हा सोहळा झाला. स्पेनचे राजा हुआन कार्लोस आणि राणी सोफिया यांच्या उपस्थितीत मर्क्युरी आणि काबाये यांनी या अल्बममधली तीन गाणी सादर केली. दोन्ही वेळा आवाज आधी मुद्रित केलेलाच होता आणि गायकांनी त्यावर ओठ हलवले. त्यावर नाके मुरडली गेली, आणि ज्या गायिकेचे सारे आयुष्य ध्वनिक्षेपकाविना गाण्यात गेले तिच्या बाबतीत ते अधिकच खटकणारे होते, हे मान्य करावे लागते. माँजुईकचा तो कार्यक्रम मर्क्युरीचा रंगमंचावरचा अखेरचा कार्यक्रम ठरला. दोन दिवसांनी, १० ऑक्टोबरला, अल्बम प्रकाशित झाला.

ब्रिटनमध्ये तो पहिल्या दहांत आला नाही. त्यातून नंतर काढलेल्या ‘द गोल्डन बॉय’ आणि ‘हाऊ कॅन आय गो ऑन’ या तबकड्या यादीच्या तळाशी रेंगाळून दिसेनाशा झाल्या. अमेरिकेत तर तो १९९२ पर्यंत निघालाच नाही. समीक्षकांचा सूर संमिश्र होता आणि बऱ्याच अंशी गोंधळलेला. रॉकच्या बाजूने आलेला आक्षेप जुनाच होता, की हा माणूस पहिल्यापासून दिखाऊ, आता तर त्याने दिखाऊपणाला राजमान्यताच मिळवली. ऑपेराच्या बाजूने आलेला आक्षेप जास्त नेमका होता: एवढा आवाज हाताशी असताना त्याला यंत्रातल्या व्हायोलिनांची साथ का द्यावी? शिवाय काबायेंसारख्या गायिकेने या मार्गाला लागावे का, ही कुरकुर होतीच. पहिल्या आक्षेपात पूर्वग्रहाचा वाटा मोठा आहे. दुसरा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कारण त्या यंत्राच्या चकाकीवरच मर्क्युरीचा मायक्रोफोनवर वाढलेला आवाज उठून दिसतो आणि खऱ्या वाद्यवृंदापुढे त्याला वेगळे गावे लागले असते.

असे संकर त्यापूर्वी झाले नव्हते असेही नाही. डीप पर्पल या रॉक बँडने १९६९ मध्ये पूर्ण वाद्यवृंदासह मैफल केली होती. प्लासिदो दोमिंगो यांनी १९८१ मध्ये जॉन डेन्व्हरबरोबर युगुलगीत गायले होते. त्या सगळ्यांत एक पक्ष यजमान आणि दुसरा पाहुणा होता. ‘बार्सिलोना’त यजमान कोण हे ठरवता येत नाही, आणि परीक्षकांचा खरा अडथळा इथे होता. मराठी रंगभूमीवर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नायकांनी भामिनी आणि धैर्यधर यांच्या भूमिका एका रंगमंचावर केल्या आणि सरस कोण ठरले याची चर्चा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण तिथे दोघांची गायकी एकाच परंपरेतली असल्याने तुलना निदान शक्य तरी होती. मर्क्युरी आणि काबाये यांच्यात सरस कोण हा प्रश्नच विचारता येत नाही, आणि प्रश्न विचारता आला नाही की परीक्षणाची नेहमीची पठडी कोलमडते.

पुढची दोन-तीन वर्षे अल्बम बाजूला पडला. मधल्या काळात, ७ जुलै १९९० रोजी, रोममध्ये विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि होसे कारेरास यांची संयुक्त मैफल झाली. तिचे ध्वनिमुद्रण लाखोंनी खपले आणि खेळांचा सोहळा व ऑपेराचा आवाज यांची जोडगोळी बाजाराने कायमची उचलली. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीचे निधन झाले. १९९२ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिकच्या तोंडावर शीर्षकगीत पुन्हा काढण्यात आले आणि या खेपेला ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. २५ जुलैच्या उद्घाटन समारंभात काबाये इतर स्पॅनिश ऑपेरा गायकांसमवेत गायल्या, मात्र हे युगुलगीत ज्या दोघांनी गायचे त्यांपैकी एक आता नव्हता. समारोपाला कारेरास आणि सारा ब्राइटमन यांनी अँड्र्यू लॉइड वेबर यांचे दुसरेच गीत गायले. तरीही त्या उन्हाळ्यापासून बार्सिलोना शहर आणि हे गाणे यांची सांगड जी बसली ती सुटली नाही. २६ मे १९९९ रोजी शहरातील काम्प नोऊ मैदानावर युरोपीय फुटबॉलच्या अंतिम सामन्यापूर्वी काबायेंनी ते गायले, समोरच्या पडद्यावर मर्क्युरीचे चित्र होते आणि त्याचा आवाज मुद्रितच होता.

पुनर्मूल्यांकनाला मृत्यूचा हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘हाऊ कॅन आय गो ऑन’ हे १९८९ मध्ये कोणी फारसे न घेतलेले गाणे १९९१ नंतर निरोपाचे म्हणून ऐकले जाऊ लागले. गाणे बदलले नव्हते, ऐकणाऱ्याला एक गोष्ट कळली होती. अशा कौतुकात सहानुभूती किती आणि रसग्रहण किती हे वेगळे करणे अवघड असते. म्हणूनच २०१२ मध्ये झालेला प्रयोग महत्त्वाचा. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अल्बमची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात दोघांचे मूळ आवाज तसेच ठेवून सिंथेसायझरच्या जागी प्राग शहरातील वाद्यवृंदाचे नवे वादन घालण्यात आले. स्टुअर्ट मोर्ली यांनी वाद्यवृंदासाठीची मांडणी लिहिली. ‘ला जापोनेझ’मध्ये नाओको किकुची यांनी कोतो हे जपानी तंतुवाद्य वाजवले, ‘हाऊ कॅन आय गो ऑन’मध्ये डेव्हिड गॅरेट यांचे व्हायोलिन आले. चोवीस वर्षांपूर्वीच्या सर्वांत नेमक्या आक्षेपाला हे सरळ उत्तर होते.

आज दिग्रसच्या श्रोत्यालाही मोबाइलवर दोन्ही रूपे लागोपाठ ऐकता येतात, आणि तुलना उद्बोधक ठरते. नव्या रूपात काबायेंचा आवाज घरी आल्यासारखा वाटतो. त्याच्याभोवती खऱ्या तारांची हवा खेळते आणि ‘द फॉलन प्रीस्ट’सारखी बोजड रचनाही सुसह्य होते. मर्क्युरीच्या बाबतीत मात्र निकाल असा एकतर्फी नाही. शीर्षकगीतात तो वाद्यवृंदासमोर टिकतो, पण ‘द गोल्डन बॉय’च्या गॉस्पेलच्या भागात १९८८ च्या कळफलकाचा कडक, काहीसा भडक ठेका त्याच्या आवाजाला जो रेटा देत होता, तो ऐंशी वाद्यांच्या भारदस्तपणात मऊ पडतो. काबाये यांचे ६ ऑक्टोबर २०१८ रोजी बार्सिलोनातच निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांत कार्नेगी हॉलच्या रात्रीइतकीच, आणि अनेक ठिकाणी तिच्याही आधी, या अल्बमची नोंद होती.